धनी फाटकाबाहेर जाईपर्यंत

बाबांसाठी आणलेल्या वॉकरवर आठवड्याभरात टॉवेल वाळायला लागले. सानपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत दोरी बांधायला जागा नव्हती आणि बाबा त्या वॉकरला हात लावत नव्हते, तेव्हा मी सोय बघितली. आधी एक टॉवेल टाकला, मग त्यांचा पंचा, मग नवऱ्याचे बनियन. बाबा पलंगावरून बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. ती वस्तू कशाच्या तरी उपयोगाला आली याचा त्यांना मनापासून आनंद होता.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. बाबा कराडजवळ आमच्या गावी एकटेच राहत, आई जाऊन सहा वर्षं झाली होती. एका सकाळी त्यांच्या डाव्या अंगाला झटका आला. जीभ वाचली, हातही पुष्कळ सुधारला, डावा पाय मात्र मागे फरफटत राहिला. मी त्यांना माझ्याकडे न्यायला गेले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. गाडीही येणार.

गाडी म्हणजे जुनी, गोल नाकाची, गिअर स्टिअरिंगलाच असलेली, पुढची सीट सोफ्यासारखी अखंड. बाबा तालुक्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी ती कुणाकडून तरी वापरलेलीच घेतली होती आणि पुढे वीस वर्षं स्वतःच्या हाताने सांभाळली. रविवारी इतर मुलींचे वडील त्यांना बागेत नेत, माझे वडील मला गाडीखाली नेत. तिथे मी टॉर्च धरून झोपायचे आणि टॉर्च हलला म्हणून बोलणी खायचे. आता गाडी सोसायटीत आल्यावर सेक्रेटरींनी दोनदा चिठ्ठी पाठवली की तेल गळतं. बाबांनी उलट निरोप धाडला की गळतं म्हणजे आत आहे.

वाशीला आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यावं लागे. रिक्षात पाय मुडपून बसवत नव्हतं, म्हणून मी गाडी शिकले. नवरा गाडीच्या बाबतीत अगदी निरागस माणूस, त्याला पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला असतं तेही विचारावं लागे. तेव्हा मास्तर बाबाच. सानपाड्याच्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर ते शेजारी बसून माझा उद्धार करत. ‘क्लच सोड. सोड म्हटलं, टाकू नको. दळण आणलंयस का?’

वाशीचा व्यायामवाला मुलगा फार गोड बोलायचा. ‘आजोबा, वीस पावलं.’ आजोबा चार टाकायचे आणि खुर्ची मागायचे. महिना गेला, दोन गेले, चाराची पाच झाली नाहीत. एकदा त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताई, पाय मेलेला नाहीये. पण आता चालले नाहीत तर पाय चालणं विसरेल. मग कायमचं उचलूनच न्यावं लागेल.’

त्या दिवशी घरी आल्यावर मी भांडलेच. का चालत नाही, म्हणून विचारलं.

‘चालून जायचंय कुठं?’ बाबा म्हणाले. ‘ह्या खोलीतून त्या खोलीत? त्या खोलीत काय ठेवलंय?’

मी चिडून स्वयंपाकघरात गेले आणि कुकरचं झाकण उगाच दोनदा आपटलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. ज्या माणसाने मला सायकलच्या मागे धावत शिकवलं, त्याला आता जन्मभर दोघांनी खुर्चीवर बसवून जिना उतरवायचा, हे मला बघवत नव्हतं. तेच आम्ही रोज करत होतो. बाबा खुर्चीत राजासारखे बसत आणि जिना उतरताना डोळे मिटून घेत.

अशात गाडीच्या डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या डबीच्या, टोपीला तडा गेला आणि गाडी आचके देत चालू लागली. आमच्या मेकॅनिकने हात झटकले. ‘ताई, ह्याचा नवा पार्ट आता कुठं मिळतोय? तळवलीला काकीचं यार्ड हाय, तिकडं बघा. आमी पन तिथनंच आनतो.’

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत वळलं की तळवलीच्या अलीकडे पत्र्याचं कुंपण होतं. आत मोडक्या गाड्यांच्या दोन रांगा, मधून मातीची वाट, टोकाला पत्र्याची शेड. शेडमध्ये बसमधून काढलेल्या बाकड्यावर काकी बसायची. साठीला टेकलेली, नऊवारी आवळून नेसलेली, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. तिथे पूर्वी तिची भातशेती होती. जमीन नव्या शहराला गेली, हा तुकडा राहिला, त्यावर ती भंगाराच्या गाड्या घेऊ लागली. पार्ट ज्याचे त्याने काढून न्यायचे, जाताना तिला दाखवायचे.

मला वाटलं, भंगारात कसला आलाय शिष्टाचार. मी गाडी आत घातली, बाबांना तिच्यातच ठेवलं आणि नुसतीच बघायला आल्यासारखी रांगेतून फिरू लागले. म्हटलं, गरज दिसली की दर वाढेल.

‘काय गो बाय, काय होवा तुला?’ काकीने बसल्या जागेवरून विचारलं.

‘काही नाही, बघतेय.’

‘बगायला काय हाय हतं? राजवारा हाय?’

मागून गाडीच्या खिडकीतून बाबा ओरडले, ‘ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस! डिस्ट्रिब्युटरची टोपी पाहिजे म्हणून सांग की सरळ!’

काकीने मान वाकडी करून खिडकीत बघितलं. मग उठली, एका मोडक्या गाडीतून निघालेली सीट तिने फरफटत आमच्या गाडीजवळ आणली, वर गोणपाट टाकलं आणि मला म्हणाली, ‘म्हाताऱ्याला भायेर बसव. त्याला समाजतंय. तुला नाय समाजत.’

बाबा दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. मी एका बाजूने, काकी दुसऱ्या बाजूने, असं करून त्यांना त्या सीटवर बसवलं. तिथून पुढे माझं लहानपण परत सुरू झालं. फक्त टॉर्चऐवजी आता माझ्या हातात पाना होता आणि बाबा दहा फुटांवरून हुकूम सोडत होते.

टोपी निघाली. मी ती रुमालात गुंडाळून विजयी मुद्रेने निघाले तर बाबा म्हणाले, ‘क्लिपा?’

‘कुठल्या क्लिपा?’

‘सोडवलेल्या. वायरी लोंबतायत. नीट लाव सगळं परत.’

‘बाबा, भंगार आहे ते!’

‘तुझ्यासाठी. उद्या कुणी त्याच्या खालचा पार्ट काढायला येईल, त्याने काय शोधत बसायचं?’

आम्हाला त्या दिवशी काकीकडून कोरा चहा मिळाला. नंतर माझ्या लक्षात आलं की तिचा नियमच तो होता. काढलेला नट परत त्याच्या जागी लावायचा, पुरता आवळायचा नाही, दोन आटे फिरवून ठेवायचा. आरसा पाहिजे म्हणून काच फोडायची नाही. आणि उघडलेलं बॉनेट मिटूनच जायचं. एकदा एक गिऱ्हाईक एका गाडीला खटारा म्हणालं, तर काकीने त्याला फाटकाचा रस्ता दाखवला. ‘तुजी पन उद्या परवा हतंच येनार हाय,’ असंही वर ऐकवलं.

त्यानंतर आम्ही पुष्कळदा गेलो. कधी काच वर-खाली करायचं हँडल, कधी वायपरची मोटर, कधी नुसताच एक रबरी पाइप. खरं सांगायचं तर काही वेळा गाडीला काही झालेलंही नसे. बाबा सकाळी चहा घेता घेता म्हणत, ‘आवाज येतोय जरा पुढून,’ आणि मला कळे की त्यांना तळवलीला जायचंय. मीही म्हणे की हो, मलाही ऐकू आला. तिथे ते बोलत. भाताच्या जातीविषयी, कार्ब्युरेटरविषयी, काकीच्या गुडघ्याविषयी. पण चालायचं नाव नाही. आम्ही धरून उतरवायचो, धरून चढवायचो.

मग माझ्या हातून ती चूक झाली. आजही आठवली की कान तापतात.

आमच्या गाडीचा कार्ब्युरेटर कुरकुरत होता, तो आमच्याच मॉडेलचा लागत होता आणि तशी गाडी काकीकडे आलीच नव्हती. एका शनिवारी आम्ही पोहोचलो तर फाटकाच्या आत तशीच एक पांढरी गाडी उभी! ताजी, धुतलेली, सीटवर कव्हर घातलेली. तिच्याजवळ सफारी घातलेले एक गृहस्थ टपावर हात ठेवून उभे होते. काकी शेडमध्ये विक्रीचे कागद करत होती. मला वाटलं, माझ्या आधी दुसरं कुणी येईल. उतावळेपणा माझा जन्माचा. मी बॉनेट उचललं आणि एअर फिल्टरच्या नटाला पाना लावला.

‘ए बाय!’ काकी शेडमधून अशी ओरडली की पाना हातातून निसटला. ‘खाली ठेव! धनी उबा हाय ना तिचा!’

ते गृहस्थ गडबडून म्हणाले, ‘चालू द्या, चालू द्या. माझं झालंय आता.’ पण त्यांनी हात टपावरून काढून घेतला, जणू चूक त्यांचीच होती. मग खिशातून रुमाल काढला, समोरची काच एका बाजूने पुसली, दुसऱ्या बाजूने पुसली, रुमालाची नीट घडी केली आणि फाटकाकडे निघाले. ते दिसेनासे होईपर्यंत काकी माझ्यासमोर उभी होती. ते गेल्यावरच बाजूला झाली.

‘गारीचा धनी फाटकाभायेर जाय तवर तिला पाना लावाचा नाय,’ ती गाडीला ‘गारी’ म्हणे. ‘यवरा पन कल्ला नाय तुला?’

मी बाबांकडे बघितलं. ते माझी बाजू घेतील असं मला वाटलं होतं की काय कोण जाणे. ते दुसरीकडे बघत होते. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. गिअर चुकला तरी नाही. सोसायटीत गाडी उभी केल्यावर म्हणाले, ‘मेलेल्याचे दिवस व्हायच्या आधी भांडी वाटून घ्यायला बसतात, तसं केलंस.’

मी रडले. तो कार्ब्युरेटर पुढे आमच्या गाडीला छान बसला, गाडी सशासारखी पळू लागली, पण बरेच दिवस मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आणखी एक वर्ष गेलं. वाशीचा मुलगा अजून वीस पावलं मागत होता आणि चारच मिळत होती. वॉकरवर आता माझी साडीही वाळत होती. एक दिवस बाबा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, ‘रस्ता दिसतोय.’

‘दिसणारच. काच पुसलीय मी.’

‘खालून दिसतोय,’ ते म्हणाले.

त्यांच्या पायाखालचं रबरी मॅट सरकलं होतं आणि पत्र्याला बशीएवढं भोक पडलं होतं. खाडीचा वारा. कराडला वीस वर्षं टिकलेला पत्रा सानपाड्यात दोन वर्षांत खाल्ला गेला. मेकॅनिकने खाली झोपून टोचून टोचून बघितलं, ठिकठिकाणी त्याचा स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. बाहेर येऊन तो बाबांच्या तोंडाकडे न बघता माझ्याशी बोलला. ‘इंजिन झकास हाय, ताई. गिअरबॉक्स पन. पन खालून कायच राहिलं नाय. एक दिवस सीट खाली जाईल, आजोबांसकट.’

दोन दिवस बाबा जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा मागितला आणि म्हणाले, ‘चल, काकीकडे.’

मी हळूहळू चालवत नेली. वाटभर वळणांवर बाबांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. यार्डात नेहमीच्या जागी, शेडसमोर, गाडी उभी केली. काकीने बघितलं आणि काही न विचारता ती सीट गोणपाटासकट आणून ठेवली. कागद झाले. बाबांनी सही केली, त्यांची जुनी हेडक्लार्कची सही, खाली दोन रेघा मारून.

तिथे आणखी एक माणूस होता. चाळिशीचा, जासईचा. त्याची अशीच गाडी गिअरबॉक्स जाऊन पडली होती आणि तशी एखादी यार्डात येते का बघत तो सकाळपासून बसून होता. त्याची हत्यारं फडक्यात बांधलेली होती. आमची गाडी आत आल्याचं बघताच तो उठला, रांगेच्या पार टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून कुंपणाकडे तोंड करून उकिडवा बसला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मला सफारीवाले गृहस्थ आठवले आणि लाजेने घाम फुटला.

आता बाबांना न्यायचं कसं, हा प्रश्न होता. रिक्षा मी ठरवली होती, पण ती फाटकाबाहेरच थांबली. आत मातीत खिळे आणि काचा, रिक्षावाला आत यायला तयार होईना. शेडपासून फाटक पन्नास-साठ पावलं असेल. मी काकीला म्हटलं, ‘दोन माणसं मिळतील का? खुर्चीवरून उचलून नेऊ.’

‘देतंय,’ ती म्हणाली. ‘जेवाला गेल्यात. येतील घटकाभरात.’

बाबा त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत होते. ऊन चढलं होतं, त्याच्या मानेवर फडकं होतं.

‘तो कधीपासून बसलाय?’ त्यांनी विचारलं.

‘सकालधरनं,’ काकी म्हणाली.

‘आणि मी इथे असेपर्यंत तो हात लावणार नाही.’

‘कसा लावंल?’

बाबांनी उजवा हात गाडीच्या दाराच्या मुठीवर ठेवला आणि त्या आधाराने उभे राहिले. मी धावले. काकीने माझं मनगट धरलं. ‘हात नको लावू गो.’

त्यांनी आपल्या गाडीच्या बॉनेटला धरून पहिली चार पावलं टाकली. मला ती पाठ होती. आता खुर्ची मागणार. बॉनेट संपलं. मधे हातभर मोकळी जागा होती. बाबा तिथे थांबले, मग त्यांनी पुढच्या मोडक्या गाडीच्या डिकीवर हात टाकला आणि डावा पाय ओढून घेतला. पाच.

रांग फाटकापर्यंत होती. बाबा त्या गाड्यांना धरून धरून चालले. एकीचा टप, दुसरीची दाराची चौकट, तिसरीला काच नव्हती म्हणून आत हात घालून तिचं स्टिअरिंग. डावी चप्पल वाटेत राहिली, ती मी उचलली. खिळे होते, मला ओरडावंसं वाटलं, ओरडले नाही. एका गाडीचं बॉनेट उन्हाने तापलेलं होतं, त्यांनी हात झटकला, सदऱ्याची बाही ओढून घेतली आणि परत ठेवला. मी चप्पल छातीशी धरून दोन हात अंतरावर चालत होते आणि माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. तो जासईचा माणूसही वळला नाही.

शेवटी फाटकाचा खांब. बाबांनी त्याला मिठीच मारली. सदरा पाठीला चिकटला होता, पाय लटलट कापत होता. मी चप्पल खाली ठेवली, त्यांनी उजव्या पायावर भार देऊन ती घातली. मग फाटकाच्या बाहेर एक पाऊल टाकलं, दुसरं ओढून घेतलं, आणि आतल्या बाजूला न बघताच, कचेरीत शिपायाला हाक मारत त्या आवाजात ओरडले, ‘लावा पाना!’

मी त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षा निघून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आतून एकही ठोका ऐकू आला नाही. बाबा नाक्यावर म्हणाले, ‘नट परत लावेल ना तो?’

‘लावेल, बाबा.’

‘दोन आटे तरी.’

घरी नवऱ्याने आणि शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीवरून वर आणलं. तेवढी ताकद आता उरली नव्हती. पलंगावर टेकल्यावर त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोपले. मी पाणी आणायला वळले, तोच माझ्या पाठीवर काहीतरी ओलं येऊन आदळलं. टॉवेल होता. मागोमाग पंचा आला, मग बनियन. बाबा पलंगाच्या कडेला बसून वॉकर मोकळा करत होते.